समुद्राची हजेरीवही : प्लवकांच्या नोंदी वर्षानुवर्षं का ठेवतात?



विज्ञानाच्या पुस्तकात अन्नसाखळीचा पाठ आला की प्लवकांचं नाव येतं. प्लवक, मग छोटा मासा, मग मोठा मासा, असे बाण काढायचे आणि पुढच्या पाठाकडे वळायचं. आपल्या तीर्थपुरीतल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेलाही नसतो, त्यामुळे कोणी फारसे प्रश्नही विचारत नाही. तरी हा विषय आपल्या मुलांना चांगला समजू शकतो. यात खरी गोष्ट आहे ती नोंदीची, आणि मराठवाड्यातल्या मुलांना पावसाच्या नोंदीवरून ती लगेच पटते. समजा, एखाद्याने २०१५ मध्ये पाऊस मोजायला सुरुवात केली आणि २०१६ संपल्यावर थांबवलं. एक वर्ष दुष्काळाचं, दुसरं भरपूर पावसाचं. तो छातीठोकपणे सांगेल की मराठवाड्यात पाऊस वाढत चाललाय! मोजमाप अगदी बरोबर, निष्कर्ष साफ चूक. समुद्रातल्या प्लवकांचंही तसंच आहे.

प्लवक म्हणजे पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणारे जीव. व्हिक्टर हेन्झेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये भटक्या या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना प्लँक्टन हे नाव दिलं. सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे ते वनस्पती प्लवक. त्यांना खाणारे ते प्राणी प्लवक. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं हे सूक्ष्म जीव करतात. (मोबाइलवर फिरणारं 'तुमचा प्रत्येक दुसरा श्वास समुद्रातून येतो' हे वाक्य मात्र वर्गात जसंच्या तसं सांगू नका. समुद्रात तयार झालेला बहुतेक ऑक्सिजन समुद्रातले जीवच वापरून टाकतात.) वनस्पती प्लवकांचं आयुष्य साधारण काही दिवसांचं. त्यामुळे पाण्याचं तापमान, क्षार, ऑक्सिजन यांत फरक पडला की कोण वाढलं आणि कोण घटलं ते त्यांच्यात लवकर दिसतं.

पण 'लवकर दिसतं' यातच फसगत आहे. गोव्याचा किनारा घ्या. उन्हाळ्यात तिथे कधी कधी पाण्यावर लाकडाच्या भुश्यासारखा तवंग येतो; तो ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्मजीवाचा. पावसाळ्यात खोल समुद्रातलं थंड, क्षारयुक्त पण कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. क्षार मिळाले की प्लवक फोफावतात, मरून तळाशी जातात आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. वरून पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण बसलेलं असतं, त्यामुळे हवा खाली पोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाचं पाणी जवळजवळ ऑक्सिजनविना उरतं. म्हणजे एकाच जागी मार्चमध्ये गेलात तर एक समुद्र, सप्टेंबरमध्ये गेलात तर दुसराच. एका सहलीत काढलेल्या बाटलीभर पाण्यावरून काय सांगणार?

म्हणूनच दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीच्या समोर समुद्रात एक जागा ठरवून पुन्हा पुन्हा तिथेच मोजमाप सुरू केलं. पाणी काढायचं, तापमान, क्षारता, ऑक्सिजन मोजायचा, प्लवक तपासायचे. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन संपून सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायूही होतो, हे याच भागातल्या अभ्यासातून समोर आलं. एखाद्या वर्षी असं पाणी दिसलं तर तो नेहमीचा ऋतू की नवा बिघाड, हे ठरवायला मागच्या वर्षांची वही लागतेच.

काम मात्र कंटाळवाणं. जाळीत सापडलेले प्राणी प्लवक फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, वनस्पती प्लवकांसाठी पाण्यात आयोडिनचं द्रावण टाकतात. मग एक मिलिलिटर पाणी मावेल अशा चौकटी आखलेल्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखून मोजायचा. आपण परीक्षेचे गठ्ठे तपासतो ना, तसंच! आणि पद्धत बदलली की घोटाळा. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, आणि तिच्याच पाठोपाठ १९६६ मध्ये गोव्याची ही संस्था उभी राहिली. त्या मोहिमेत प्राणी प्लवकांसाठी ०.३३ मिलिमीटर छिद्रांची ठरावीक जाळी वापरली होती. आज अनेक ठिकाणी ०.२ मिलिमीटरची जाळी वापरतात. बारीक चाळणीत जास्त अडकणारच. आकडे थेट शेजारी मांडले तर प्लवक वाढल्यासारखे दिसतील, आणि वाढली असेल फक्त चाळणीची बारीकी.

जुनी पद्धत सांभाळण्याचा सर्वांत मोठा नमुना इंग्लंडचा. अ‍ॅलिस्टर हार्डी यांनी बनवलेलं एक यंत्र १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे बांधून ओढलं जातं. आत रेशमी जाळीचा पट्टा हळूहळू गुंडाळला जातो आणि त्यावर प्लवक चिकटतात. पट्टा किती हिरवा झाला हे रंगपट्टीशी जुळवून पाहण्याची पद्धतही आजवर तीच ठेवली आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी पैशांअभावी हे काम बंद पडायच्या बेतात होतं. ते वाचलं म्हणून कळलं की थंड पाण्यातले कोपेपॉड, म्हणजे झिंग्यांचे चिमुकले भाऊबंद, उत्तरेकडे सरकले आणि त्यांची जागा उबदार पाण्यातल्या जातीने घेतली. ही दुसरी जात वाढते शरद ऋतूत, आणि कॉड माशाच्या पिल्लांना खायला लागतं वसंतात. संख्या मोजण्याइतकंच कोण आहे हे ओळखणं का महत्त्वाचं, ते इथे कळतं.

आता आपला अरबी समुद्र. हिवाळ्यात उत्तर भागात पूर्वी प्रामुख्याने डायटम, म्हणजे काचेसारखं कवच असलेले वनस्पती प्लवक, फुलत. २००० नंतरच्या वर्षांत त्यांच्या जागी नॉक्टिल्युका नावाचा जीव मोठ्या प्रमाणात दिसू लागला. तो डायटम खातो, आणि त्याच्या पोटात राहणारी हिरवी शैवालं त्याला अन्नही बनवून देतात. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. असा उजेड पाडणाऱ्यांतही नॉक्टिल्युका आहे. मुलांना मी गाजरगवताची उपमा देतो. लांबून रान हिरवंगार, पण जनावर तोंड लावत नाही. उपग्रहाला समुद्र हिरवा दिसतो, पण ती हिरवळ डायटमची की नॉक्टिल्युकाची हे पाणी काढून पाहिल्यावरच पक्कं कळतं. नॉक्टिल्युका प्रामुख्याने जेलीफिश आणि साल्प खातात, म्हणून माशांच्या साखळीचं काय होईल ही काळजी आहे.

कारण काय? मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स आणि ज्योकिम गोएस यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये मांडलं की ऑक्सिजन कमी झालेलं पाणी वर पसरल्यामुळे हे झालं. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमापांवरून दाखवलं की नॉक्टिल्युका फुललेली असताना तिथल्या पाण्यात ऑक्सिजन कमी नव्हता. हा वाद वर्गात जरूर सांगा. तो मिटवायलाही मोजमापच लागणार.

वर्गात करता येण्यासारखं

विहिरीच्या हिरव्या पाण्यातही प्लवकच असतात, गोड्या पाण्यातले. १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूंनी पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. आपल्याला एक जुनी ताटली पुरते. पांढरा रंग द्या, समोरासमोरचे दोन चतकोर काळे करा, खाली वजन बांधा, दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारा. तबकडी दिसेनाशी होते ती खोली लिहा. कठडा असलेली विहीर निवडा आणि तबकडी मोठ्या माणसानेच सोडावी. शेततळ्यावर मुलांना अजिबात नेऊ नका, प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला की वर येता येत नाही.

पंधरवड्यातून एकदा, एकाच वेळेला, त्याच जागी. आठवीची मुलं दहावीनंतर जातील, तेव्हा जुन्या आणि नव्या मुलांनी निदान चार वेळा एकाच दिवशी स्वतंत्रपणे मोजून आकडे जुळतात का ते पाहावं. नजरेचा फरक तिथेच कळतो. गढूळपणा मातीचा आहे की शैवालाचा, हे शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहून शेजारच्या रकान्यात लिहावं. वहीच्या पहिल्या पानावर ताटलीचा व्यास, रंग, विहिरीची खूण आणि उभं राहायची जागा लिहून ठेवा. ताटली हरवली किंवा तुमची बदली झाली, तर पुढच्या गुरुजींना तशीच दुसरी बनवता येईल.