सोनेरी वाख

भुसार मालाच्या दुकानात एकावर एक रचलेली धान्याची पोती सर्वांच्याच परिचयाची असतात. पोते रिकामे होऊन फाटले, म्हणजे त्याचे गोणपाट होते आणि ते पावसाळ्यात पाय पुसण्यासाठी दाराशी पडते. इतक्या क्षुल्लक मानलेल्या या वस्तूवर आपल्या देशातील सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबांचा आणि गिरण्यांतील सुमारे ४ लाख कामगारांचा चरितार्थ अवलंबून आहे, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच ध्यानात येते. पोत्याचा धागा तागाचा असतो. आणि हा ताग पिकतो तो मुख्यतः पश्चिम बंगाल, आसाम व बिहार या राज्यांत, नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाच्या जमिनीत.

महाराष्ट्रात हिरवळीच्या खतासाठी शेतकरी जो ताग पेरतात, तो निराळा. बंगालच्या तागाला उष्ण व दमट हवा आणि भरपूर पाऊस लागतो. चैत्र-वैशाखात पेरलेले हे पीक चार महिन्यांत आठ-दहा फूट उंच वाढते. मग ते कापून त्याच्या जुड्या बांधतात व तळ्यात किंवा ओढ्याच्या संथ पाण्यात कुजत घालतात. दोन-तीन आठवड्यांनी साल सुटू लागली, म्हणजे शेतकरी व मजूर कंबरभर पाण्यात उभे राहून एकेका काडीवरून वाख सोडवितात, धुतात आणि उन्हात वाळत घालतात. वाळलेला उत्तम वाख सोन्यासारखा चमकतो. म्हणून ताग हा ‘सोनेरी तंतू’ या नावाने प्रसिद्ध झाला. उरलेल्या काड्याही वाया जात नाहीत. त्या सरपणाला आणि कुडाला उपयोगी पडतात.

वाख सोन्यासारखा असला, तरी तो पिकविणाऱ्याच्या घरात सोने येईलच, असे नसते. ताग पिकविणारे बहुतेक शेतकरी अल्पभूधारक. बियाण्यासाठी व मजुरीसाठी काढलेले कर्ज पीक हाती येताच फेडावे लागते. त्याच सुमारास दुर्गापूजेचा सण तोंडावर येतो. त्यामुळे वाख घरात ठेवून चांगल्या भावाची वाट पाहणे त्यांना परवडत नाही. सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात येतो आणि भाव कोसळतो. व्यापारी तो स्वस्तात घेऊन साठवितो व पुढे महाग झाला की गिरणीला विकतो. अशा रीतीने चार महिने राबणाऱ्याच्या वाट्याला थोडे आणि चार महिने थांबू शकणाऱ्याच्या वाट्याला अधिक, असा प्रकार होतो.

या धंद्याने स्थित्यंतरेही पुष्कळ पाहिली आहेत. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाचे सूत कातणारी पहिली गिरणी निघाली. पुढे हुगळी नदीच्या दोन्ही तीरांवर गिरण्यांची रांगच उभी राहिली. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. गिरण्या भारतात राहिल्या. परंतु ताग पिकविणाऱ्या जमिनीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात गेला. त्यातच १९४९ साली भारताने रुपयाचे मूल्य कमी केले. पाकिस्तानने तसे केले नाही, आणि दोन देशांमधील तागाचा व्यापार खुंटला. अशा वेळी गिरण्या बंद पडू नयेत, म्हणून सरकारने देशातच तागाची लागवड वाढविण्याचा प्रयत्न केला. पश्चिम बंगाल, आसाम, बिहार व ओरिसा येथील शेतकऱ्यांनी या हाकेला साद दिली.

ज्यांनी गिरण्या तारल्या, त्यांना बाजाराच्या लहरीवर सोडून देणे न्याय्य नव्हते. यास्तव १९७१ साली केंद्र सरकारने भारतीय ताग महामंडळ स्थापन केले. तागाचा किमान आधारभूत भाव सरकार दरवर्षी जाहीर करते. बाजारातील भाव त्याच्या खाली उतरला, तर महामंडळ आपल्या केंद्रांवर त्या भावाने ताग विकत घेते. २०१४-१५ साली हा भाव क्विंटलला २,४०० रुपये होता. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो ५,६५० रुपये ठरविण्यात आला. तथापि खरेदीचे केंद्र प्रत्येक गावात नसते. ज्याच्याजवळ दोन-चार क्विंटलच माल आहे, त्याला गाडीभाडे देऊन दूरच्या केंद्रावर जाणे जड वाटते आणि तो दारी आलेल्या व्यापाऱ्यालाच माल देऊन टाकतो. कागदावरचा भाव आणि हातात पडणारा पैसा यांमध्ये अजून एक वाट आहे. ती जितकी आखूड होईल, तितका आधार खरा.

नुसता भाव ठरवूनही भागत नाही; मालाला गिऱ्हाईक हवे. प्लास्टिकच्या स्वस्त व हलक्या पिशव्या बाजारात आल्या, तेव्हा पोत्यांची मागणी घटू लागली. म्हणून १९८७ साली संसदेने एक कायदा केला. काही वस्तू तागाच्याच पोत्यांत भरल्या पाहिजेत, असे ठरविण्याचा अधिकार त्याने सरकारला मिळाला. आरंभी धान्य व साखर यांच्याबरोबर सिमेंट व खते यांनाही हे बंधन होते. सिमेंट कारखानदारांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. परंतु १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. कालांतराने सिमेंट व खते वगळण्यात आली. २०२३ साली सरकारने धान्यासाठी शंभर टक्के आणि साखरेसाठी वीस टक्के तागाची पोती ठरविली. पंजाब-हरियाणातील शेतकऱ्याचा गहू सरकार खरेदी करते, तेव्हा तो ज्या पोत्यात भरला जातो, त्या पोत्याच्या किमतीत बंगालच्या शेतकऱ्याचाही वाटा असतो.

आधार देणे हे मात्र नाजूक काम आहे. मे २०२० मध्ये ‘अंफान’ चक्रीवादळाने बंगालमधील पिकाची हानी केली; ताग कमी आला आणि भाव फार चढले. ते आवरण्यासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये तागाला क्विंटलमागे ६,५०० रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली. परंतु त्या भावाने ताग मिळेना, म्हणून काही गिरण्या बंद पडल्या व कामगारांवर बेकारीची पाळी आली. मे २०२२ मध्ये ही मर्यादा उठविण्यात आली. शेतकरी, गिरणी आणि ग्राहक ही एकाच दोराची तीन पदरे आहेत. एक अधिक ताणले की इतर दोन्हींना पीळ बसतो.

म्हणूनच अलीकडे भावाबरोबर प्रतीकडेही लक्ष पुरविले जात आहे. पाणी अपुरे किंवा घाणेरडे असेल, तर वाख काळवंडतो व त्याला कमी भाव मिळतो. बराकपूर येथील ताग-संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी काही उपयुक्त जिवाणूंची भुकटी तयार केली आहे. तिच्यामुळे ताग लवकर कुजतो आणि वाख उजळ निघतो. २०१५ सालापासून सरकारी योजनेद्वारा ही भुकटी, सुधारलेले बियाणे आणि ओळीत पेरणी करण्याची अवजारे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविली जात आहेत. या बियाण्याशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. वाखासाठी लावलेला ताग बी पिकण्यापूर्वीच कापावा लागतो. शिवाय बी नीट पक्व होण्यास कोरडी हवा चांगली. त्यामुळे बंगालमध्ये पेरले जाणारे पुष्कळसे बियाणे महाराष्ट्र, आंध्र प्रदेश यांसारख्या राज्यांतून जाते.

प्लास्टिक वर्षानुवर्षे मातीत तसेच पडून राहते. तागाचे पोते मात्र मातीत मिसळून जाते. तेव्हा तागाला आधार देण्यात केवळ शेतकऱ्याचेच नव्हे, तर भूमीचेही हित आहे. पाण्यात उभे राहून वाख सोडविणाऱ्या हातांना त्यांच्या श्रमाचे मोल वेळेवर मिळाले, तरच तो वाख खऱ्या अर्थाने सोनेरी ठरेल.

अभ्यास
१. तागापासून वाख कसा काढतात, ते क्रमाने लिहा.
२. फाळणीमुळे तागाच्या धंद्यावर कोणते संकट आले?
३. ‘कागदावरचा भाव आणि हातात पडणारा पैसा यांमध्ये अजून एक वाट आहे,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. आपल्या गावच्या बाजारात जाऊन कोणकोणत्या वस्तू तागाच्या पोत्यांत येतात, त्यांची यादी करा.