हाताचा गुण की मातीचा?

एखाद्या गृहिणीने सहज खोचलेली काडीही रुजते आणि शेजारणीने विकत आणलेले रोप आठ दिवसांत मान टाकते. अशा वेळी ‘तिच्या हाताला गुण आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हा गुण नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याची थोडी चिकित्सा केली, तर तो बहुतांशी निरीक्षणाचा आणि मातीचा गुण असल्याचे आढळते. आपल्या वाचकांपैकी कोणी कोकणात राहतात, कोणी वऱ्हाडात, तर कोणी नोकरीनिमित्त दिल्ली, बडोदे वा इंदूर येथे स्थायिक झाले आहेत. माती आणि पाऊस बदलले तरी परसबागेमागील काही नियम सर्वत्र सारखेच असतात. त्यांचा परिचय करून घेऊ.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की माती म्हणजे केवळ खडकाचा भुगा नव्हे. उत्तम मातीत जवळजवळ निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. त्या पोकळ्यांत काही पाणी व काही हवा असते. पाने श्वसन करतात तशी मुळेही करतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. आपण सकाळ-संध्याकाळ मायेने पाणी ओतत राहिलो, की हवेची जागा पाणी घेते आणि मुळे गुदमरतात. मुळे निकामी झाली की भोवती पाणी असूनही झाडाला ते शोषता येत नाही व पाने मलूल होतात. ते पाहून आपण आणखी एक तांब्या ओततो! कुंडीतील झाडे तहानेपेक्षा या लाडानेच अधिक दगावतात, असे माझे मत आहे. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

या मातीत असंख्य जीव नांदतात. चमचाभर मातीतील सूक्ष्म जंतूंची गणती कोट्यवधींच्या घरात जाते. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, एक संपूर्ण ग्रंथ गांडुळांवर लिहिला, यावरून या दुर्लक्षित प्राण्याचे महत्त्व कळावे. पाने, काड्या, साली यांतील अन्नद्रव्ये मुळांना जशीच्या तशी घेता येत नाहीत. जंतू, बुरशी आणि गांडुळे ती मोकळी करून देतात. नत्राचेच उदाहरण पाहा. हवेत ७८ टक्के नत्र आहे, परंतु झाड त्यातील कणभरही थेट घेऊ शकत नाही. चवळी, घेवडा, वाल यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतू मात्र हवेतील नत्र बांधून झाडाला देतात. चवळीचे एखादे रोप हलकेच उपटून गाठ नखाने फोडून पाहावी. आतून ती गुलाबी असेल तर काम चालू आहे असे समजावे. शेंगा संपल्यावर वेल जमिनीलगत कापावा आणि मुळे तशीच राहू द्यावीत.

खताच्या बाबतीत आपल्या देशाने जगाला एक धडा दिला आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काम करताना कंपोस्टची पद्धत सिद्ध केली. त्या विषयावरील १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक होते यशवंत वाड. वाळका पाला, हिरवा कचरा, शेण, थोडी माती व राख यांचे थर देऊन, ओल राखून, अधूनमधून ढीग उलथला की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. यामागचे गणित सोपे आहे. जंतूंना शक्तीसाठी कर्ब व शरीर बांधण्यासाठी नत्र लागतो. तीस भाग कर्बास एक भाग नत्र हे प्रमाण त्यांना मानवते. वाळक्या पानांत कर्ब फार, तर भाज्यांच्या देठा-सालींत नत्र अधिक. केवळ ओला कचरा साठवला तर तो कुजून दुर्गंधी सुटते आणि केवळ पाला साठवला तर तो महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. कच्चा भुसा थेट वाफ्यात मिसळणे तर घातकच. तो कुजवताना जंतू मातीतील नत्र वापरून टाकतात आणि रोपे पिवळी पडतात. आणखी एक गोष्ट. मोठा ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो व त्यात तणाचे बी मरते. सज्जातील बादली एवढी तापत नाही. म्हणून तिच्या खतातून टोमॅटोची रोपे आपोआप उगवतात. त्यात वाईट काही नाही!

पाने पिवळी पडली की ‘खत कमी पडले’ असा निष्कर्ष सरसकट काढला जातो. येथे थांबून पाहावे. जुनी, खालची पाने पिवळी होत असतील तर बहुधा नत्राची उणीव असते, कारण झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पालवीला देते. उलट कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर उणीव लोहाची असते. देशावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असते, पण ते विरघळत नसल्याने मुळांना मिळत नाही. तेथे कोणाच्या सांगण्यावरून चुलीतील राख घातली तर व्याधी वाढतेच, कारण राख जमीन अधिक अल्कधर्मी करते. तीच राख कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीला मात्र मानवते. म्हणून रत्नागिरीच्या मावशींचा उपाय सोलापुरात करण्यापूर्वी आपल्या मातीची परीक्षा करून घ्यावी.

किडींसंबंधी थोडे. शेंड्यांवर मावा दिसताच फवारणीचा पंप उचलला जातो. त्याच शेंड्यावर काळपट, लांबट, काटेरी दिसणारी अळी असेल, तर ती पुष्कळदा ठिपकेदार ढालकिड्याची असते आणि मावा हेच तिचे भक्ष्य असते. अज्ञानाने तिलाच चिरडले जाते. विषारी औषधाने दोघेही मरतात. पण माव्याच्या माद्या नराविना थेट पिलांना जन्म देतात, त्यामुळे मावा भराभर परततो आणि त्याचा शत्रू मागे राहतो. शिवाय ती भाजी आपलीच मुले खाणार असतात. पाण्याची जोरदार धार किंवा सौम्य साबणाचे पाणी बहुधा पुरते. निंबोळीचा अर्क वापरावयाचा तर सायंकाळी फवारावा. उन्हात त्याचा गुण लवकर नष्ट होतो. तो किडीला तत्काळ मारत नाही, तिची भूक आणि वाढ रोखतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी निराश होऊ नये.

आता दुधी आणि भोपळ्याविषयी, कारण यांच्या तक्रारी सर्वांत जास्त. आरंभी येणारी बरीच फुले नर असतात व ती गळणारच. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते. तेच पिवळे पडून गळत असेल, तर बहुधा परागीभवन झालेले नसते. अशा वेळी खत ओतून उपयोग नाही. शहरात मधमाश्या विरळ झाल्या की हे काम आपणच करावे. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, दुधीचे पांढरे फूल सायंकाळी. त्या त्या वेळी ताजे नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, त्याचा परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. दोन-चार दिवसांत फळाने बाळसे धरले तर ते टिकले असे समजावे.