पाटीकडे नको, पंपाकडे बघ

मनमाड

चि. मुक्ता,

गाडी घेतल्याचं ताईने सांगितलंच होतं, फोटोही पाहिले. तुझ्या प्रश्नाला मोबाइलवर दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण ते अर्धवट झालं असतं, म्हणून सवडीने लिहितोय. तुझ्या ऑफिसातला एक जण म्हणतो अमुक कंपनीचंच पेट्रोल भर, ॲव्हरेज जास्त मिळतो. दुसरा त्याच कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. तिसरा म्हणतो प्रीमियमशिवाय दुसरं घालूच नकोस. त्यात दादाने अमेरिकेतून ‘टॉप टियर’ नावाची आणखी एक गोष्ट तुझ्या डोक्यात घातली. आणि तू मला विचारतेस, मामा, तुम्ही तेलाच्या डेपोत नोकरी केली, तुम्हीच सांगा कोणत्या कंपनीचं भरू.

आधी उत्तर सांगतो. आपल्याकडे नेहमीचं साधं पेट्रोल घेताना पाटी कोणत्या कंपनीची आहे, याने तुझ्या गाडीला काही फरक पडत नाही. पंप कोण आणि कसा चालवतो, याने मात्र पडतो, आणि बराच पडतो.

पेट्रोल हा सरकारी मानकाप्रमाणे बनणारा माल आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 लागू झालं. तेव्हापासून पेट्रोलमध्ये गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत 10 भागांच्या वर चालत नाही. बीएस-4 मध्ये ही मर्यादा 50 होती. ऑक्टेन किमान किती, घनता कोणत्या पट्ट्यात, बेंझीन किती, हे सगळं ठरलेलं आहे आणि ते प्रत्येक कंपनीला सारखंच बंधनकारक आहे. इथे पानेवाडीला तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो आहेत. तू लहानपणी इथे यायचीस तेव्हा रस्त्याकडेला टँकरच्या रांगा पाहिल्या असशील. त्यातल्या टँकरवर रंग आणि नाव एका कंपनीचं, आणि पोटात माल दुसरीच्या रिफायनरीतला, हे आमच्यासाठी रोजचं होतं. कंपन्या आपसांत मालाची देवाणघेवाण करतात. जिच्या डेपोपासून पंप जवळ, तिथून माल उचलायचा आणि नंतर हिशेब जुळवायचा. वाहतुकीचा खर्च वाचतो. मुंबईच्या माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनऱ्या जवळजवळ शेजारी-शेजारी आहेत. म्हणजे एकाच आडाचं पाणी, घागरी तेवढ्या वेगळ्या. ठाण्यात तू रस्त्याच्या डाव्या बाजूच्या पंपावर भरलंस की उजव्या, यावर ॲव्हरेज ठरत असता तर आमच्या डेपोतल्या माणसांना ते सगळ्यांत आधी कळलं असतं.

दादा सांगतो ते अमेरिकेपुरतं बरोबर आहे. तिथे 2004 साली काही मोटार कंपन्यांनी एकत्र येऊन ‘टॉप टियर’ हे मानक काढलं, कारण सरकारने ठरवलेलं इंजिन साफ ठेवणाऱ्या रसायनांचं किमान प्रमाण त्यांना अपुरं वाटत होतं. ट्रिपल ए या तिथल्या वाहनधारकांच्या संघटनेने 2016 मध्ये चाचणी केली, तेव्हा या मानकात न बसणाऱ्या पेट्रोलने सरासरी 19 पट जास्त कार्बन धरला. त्यामुळे तिथे ब्रँडला अर्थ आहे, कारण एकेका ब्रँडने किती रसायन घालायचं ते ठरवलेलं असतं. आपल्याकडे तसं चिन्ह पंपावर लागत नाही. ती रसायनं इथे सरकारी कंपन्या प्रीमियम पेट्रोलची खासियत म्हणून विकतात. म्हणून फरक शोधायचाच असेल तर तो दोन कंपन्यांच्या पाट्यांत शोधू नकोस, एकाच पंपावरच्या साध्या आणि प्रीमियम नोझलमध्ये शोध.

आता प्रीमियमबद्दल. यात लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. एक ऑक्टेन, दुसरी ती सफाईची रसायनं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटू नये, यासाठीची त्याची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. ते असं आपोआप पेटलं की इंजिनातून टकटक आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त किंवा ज्याला टर्बो आहे, त्याला जास्त ऑक्टेनचा उपयोग होतो. तुझी गाडी 2017 ची, साधं बाराशे सीसीचं बिनटर्बो इंजिन. 91 ऑक्टेन चालेल असं तिच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. एकदा उघडून खात्री कर. पेट्रोलच्या झाकणाच्या आतही स्टिकर असतो. अशा गाडीत जास्त ऑक्टेन घालून पिकअप वाढत नाही. त्यातून 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या आताच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेनच मुळात 95 आहे, कारण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन बरंच वरचं असतं. मग 95 साठी वेगळे पैसे मोजायचे कशाला? लिटरमागे सात रुपये जास्त धरले तरी 35 लिटरच्या टाकीला 245 रुपये झाले. 100 ऑक्टेनचं पेट्रोल तर 2020 च्या डिसेंबरात दिल्लीत आलं तेच 160 रुपये लिटरने. ते तुझ्या इंजिनासाठी नाहीच.

सफाईच्या रसायनांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. इंजेक्टरच्या तोंडाशी कार्बन धरतो, आणि चांगली रसायनं तो कमी ठेवतात हे खरं आहे. तुझ्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडे फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलनेच धुतली जाते. नव्या काही गाड्यांत ते थेट सिलिंडरमध्ये फवारतात. तिथे व्हॉल्व्हला पेट्रोल लागतच नाही, मग कितीही महागाचं भरलं तरी तो कार्बन पेट्रोलने निघत नाही. पुढे टर्बो गाडी घेतलीस तर हे आठवणीत ठेव. सध्या, मनाला वाटलंच तर लांबच्या प्रवासाआधी एखादी टाकी प्रीमियमची भर, नुकसान काही नाही. दर वेळी भरायची गरज नाही. आणि दुकानात मिळणाऱ्या बाटल्या ओतायच्या नादी अजिबात लागू नकोस.

खरा प्रश्न इथेनॉलचा आहे, आणि त्याबद्दल तुला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. 2001 मध्ये देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग झाले, त्यातली दोन ठिकाणं आपल्या महाराष्ट्रातली, मिरज आणि आपलं मनमाड. तेव्हा 5 टक्क्यांची भाषा होती. 2022 च्या जूनमध्ये देश 10 टक्क्यांवर पोचला आणि 2025 मध्ये 20 वर. म्हणजे आज तुझ्या टाकीतला पाचवा हिस्सा ऊस, मका आणि तांदळातून आलेला आहे. शेतकऱ्याच्या हातात त्यातून पैसा जातो, परदेशी तेल कमी लागतं, मला ते मनापासून पटतं. पण गाडी चालवणाऱ्याला त्याचे परिणाम माहीत हवेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक-तृतीयांशाने कमी. 2021 च्या नीती आयोगाच्या आराखड्यातच म्हटलं आहे की 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचा ॲव्हरेज 20 टक्के मिश्रणावर 6 ते 7 टक्क्यांनी उतरू शकतो. तेव्हा लिटरला 17 देणारी गाडी 16 देऊ लागली, तर पंपवाल्याला चोर ठरवू नकोस आणि कंपनीही बदलू नकोस. दुसऱ्या कंपनीच्या साध्या पेट्रोलमध्येही तेवढंच इथेनॉल आहे. 20 टक्क्यांना टिकतील असे रबराचे भाग 2023 च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांत आले. तुझी गाडी त्याआधीची, म्हणून दर सर्व्हिसिंगला मेकॅनिकला पेट्रोलचे पाइप आणि सील बघायला सांग. कुठे चीर दिसली, पेट्रोलचा वास आला, तर लगेच बदलून घे. त्यात कंजुषी करू नकोस.

इथेनॉलची दुसरी खोड म्हणजे ते पाणी ओढून घेतं. थोडं पाणी पोटात जिरवतं, पण प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरतं, आणि तळाचं मिश्रण गाडीत गेलं तर ती पन्नास पावलांवर बंद पडते. पावसाळ्यात अशा गाड्यांच्या बातम्या येतात त्या यामुळे. चूक रिफायनरीची नसते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नसतं, भोवती पाणी तुंबतं, आणि रोज डिप टाकून, पट्टीला वॉटर पेस्ट लावून पाणी तपासायचं काम कोणीतरी टाळलेलं असतं. माझ्या शेजाऱ्याची स्कूटर एका पावसाळ्यात अशीच बंद पडली. ज्या पंपावर भरलं त्याचं आवार दर पावसात गुडघाभर पाण्यात असायचं आणि आम्ही सगळे ते रोज बघत होतो. म्हणून सांगतो, पंप असा निवड की जिथे गर्दी असते, माल लवकर खपतो, आवार उंचावर आणि स्वच्छ आहे. पाटी कुठलीही असो.

भेसळीबद्दल तू विचारलंस. त्या बाबतीत मनमाडच्या माणसाला हलक्याने बोलता येत नाही. 25 जानेवारी 2011 ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इथेच, पानेवाडीजवळ, तेलमाफियांनी जिवंत जाळलं. टँकरमधून तेल काढून भेसळीचा धंदा चालतो ती जागा ते तपासत होते. त्या दिवसापासून ‘सगळीकडेच भेसळ असते, काय करणार’ हे वाक्य मला कोणाच्या तोंडून ऐकवत नाही. एका अधिकाऱ्याने जीव गमावला आणि आपण पंपावर साधी तपासणी मागायला लाजायचं, हे मला पटत नाही. आता टँकरवर जीपीएस आहे, इलेक्ट्रॉनिक कुलपं आहेत, पंपावर ऑटोमेशन आहे, रेशनचं रॉकेलही फारसं उरलेलं नाही. तरी माल डेपोतून निघाल्यापासून तुझ्या टाकीत पडेपर्यंत मधे माणसंच असतात, आणि शेवटच्या टप्प्यावर नजर ठेवणारी तू एकटी असतेस.

तुझे हक्क नीट समजून घे. फिल्टर पेपर मागता येतो: नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाकायचा, दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक. घनता मागता येते: पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि उंच काचेचं भांडं असावंच लागतं. तापमानाप्रमाणे तक्त्यावरून 15 अंशांची घनता काढायची आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ताडून पाहायची. फरक 3 पेक्षा जास्त नको. आणि माप मागता येतं: वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं भांडं पंपावर असतं. त्यात 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. आवाज चढवायची गरज नाही. खाली उतर, मीटर शून्यावर आहे ते बघ, आणि शांतपणे सांग की मला पाच लिटर मापून हवंय. चांगला पंपवाला भांडं आणून देतो. जो टाळाटाळ करतो, ‘मॅडम, मागे लाइन आहे’ म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस. तक्रारवही मागून लिहून ये. बिल दर वेळी घे. भरल्या-भरल्या गाडी झटके देऊ लागली तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नकोस, बिल जपून ठेव, टाकीतला नमुना मेकॅनिककडून बाटलीत काढून घे आणि त्याच दिवशी पंपावर व कंपनीकडे तक्रार कर. पहाटे भरलं की जास्त मिळतं, राउंड रकमेचं भरू नये, या गोष्टी सोडून दे. जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

ॲव्हरेज मोजायचा असेल तर टाकी फुल्ल ते फुल्ल मोज, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नकोस. टायरची हवा पंधरा दिवसांनी बघ. पंपावर ती फुकट मिळते, तोही तुझा हक्कच. कसारा घाट चढताना खटखट आली तर आधी गिअर उतरव. कमी स्पीडला वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की कोणत्याही पेट्रोलवर ती तक्रार करणारच. खालच्या गिअरमध्येही आवाज राहिला तर मेकॅनिकला दाखव, आणि मगच पेट्रोलचा विचार कर.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. या महिन्यात घराजवळच्या दोन-तीन पंपांवर जाऊन पाच लिटरचं माप मागून बघ, आणि कोणी कसं दिलं ते मला कळव.

तुझा,
मामा