शेजारी कारणही लिही

चि. मनू हिस, अनेक आशीर्वाद.

दोन महिने नुसत्या रिक्वायरमेंट लिहिण्यात जाणार, मग कोडिंग कधी, असं तू फोनवर वैतागून म्हणालीस. म्हणून हे पत्र.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीसेक सेकंदांत आकाशातच नष्ट झालं. रॉकेटची हालचाल मोजणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्राम आधीच्या एरियान ४ वरून उचललेला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग फार लवकर वाढला. त्यातून निघालेला ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव संगणकातही तोच प्रोग्राम असल्याने तोही वाचला नाही.

चौकशी समितीचा अहवाल जरूर वाच. एरियान ४ वर याच प्रोग्रामने चोख काम केलं होतं. पण नवं रॉकेट कोणत्या मार्गाने जाईल, ही माहिती यंत्रणेच्या रिक्वायरमेंटमध्ये घातलीच नव्हती. शिवाय चुकलेलं ते गणित एरियान ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हतं. शेवटच्या क्षणी उलटमोजणी थांबली, तर पुन्हा लवकर सुरू करता यावी, म्हणून जुन्या रॉकेटांत ते चालू ठेवत. गरज संपली, गणित मात्र तसंच राहिलं.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका दूध संकलन केंद्राचा प्रोग्राम केला होता. दर वेळी सभासदामागे एकच नोंद धरली होती. पहाटे केंद्रावर जाऊन उभा राहिलो, तेव्हा पाहिलं, एकच बाई गाईचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळ्या किटल्यांतून आणत होती. दोन्हींचे दर निराळे. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती. सगळा हिशेब नव्याने लिहावा लागला.

तेव्हा मनू, वापरणाऱ्या माणसांजवळ जाऊन बस, त्यांचं काम डोळ्यांनी पाहा. प्रत्येक रिक्वायरमेंटशेजारी ती कशासाठी, हेही लिही. कारण ठाऊक असेल, तरच गरज संपल्यावर ती काढायला पुढच्याचा हात धजेल. जुना कोड घेताना तो काय गृहीत धरून लिहिलाय, ते आधी तपास.

हे दोन महिने वाया जाणार नाहीत. मन लावून लिही.

तुझा,
मामा