परसदारचे धडे

शास्त्रपाठ : उत्पत्ती २:१५, निर्गम २२:५, नीतिसूत्रे १२:१०, मत्तय २३:३७
पाठाचा उद्देश : मुक्या जिवांशी आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी आपण कसे वागतो, यावरून आपल्या विश्वासाची पारख होते, हे समजून घेणे.

प्रभू येशूने शिकवण देताना दाखले फार दूरचे शोधले नाहीत. कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्या, मोहरीचा दाणा, फळ न देणाऱ्या अंजिराभोवती खणून खत घालणारा माळी, पिलांना पंखांखाली घेणारी कोंबडी, हे सर्व ऐकणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. घरी जाऊन मागचे दार उघडले की दाखला डोळ्यांपुढे उभा राही. आज आपल्या रविवारच्या शाळेतील कितीतरी मुलांनी कोंबडी पाहिली आहे ती चित्रात, नाहीतर दुकानाच्या पिंजऱ्यात. म्हणून या महिन्याच्या पाठासाठी आपण थोडा वेळ परसदारी जाऊन बसू.

आमचे घर ग्वाल्हेरच्या कडेला, मुरारच्या पलीकडे, वस्ती संपून मोहरीची व गव्हाची शेते लागतात तेथे आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ येथे पडला आणि त्याचे पुढे लष्कर नावाचे शहर झाले. तेव्हापासून मराठी बोलणारी घरे या भागात आहेत. आमच्या परसात सात-आठ गावठी कोंबड्या व एक कोंबडा, मोती नावाचा कुत्रा, मनी नावाची मांजर, आणि वीस-पंचवीस पावलांची बाग आहे. हिवाळ्यात मेथी, पालक, वांगी. पावसाळ्यात दुधी, दोडका. कडेला शेवगा आणि कढीपत्ता. थाट काही नाही. पण या एवढ्याशा जागेने आम्हांला जे शिकवले, ते येथे मांडतो.

१. राखणे म्हणजे काय?

देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत करण्यासाठी व तिची राखण करण्यासाठी (उत्पत्ती २:१५). ही गोष्ट मनुष्य पापात पडण्यापूर्वीची आहे, हे ध्यानात घ्यावे. म्हणजे मातीत हात घालणे ही शिक्षा नव्हे; ते मनुष्याचे पहिले काम आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात पशुपक्ष्यांवर सत्ता चालवण्याविषयी सांगितले आहे खरे, पण ती सत्ता मालकाची नसून कारभाऱ्याची आहे. कारभाऱ्याला एक दिवस हिशेब द्यावा लागतो.

नियमशास्त्रात हा कारभार किती बारकाईने सांगितला आहे पाहा. विसाव्याच्या दिवशी बैल व गाढव यांनाही विसावा (निर्गम २३:१२). मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये (अनुवाद २५:४). वाटेत घरटे सापडले तर पिलांबरोबर आईला धरू नये (अनुवाद २२:६, ७). निनवेवर दया करण्याचे कारण सांगताना देव योनाला तेथल्या लेकरांबरोबर गुरांचीही आठवण देतो (योना ४:११). आणि नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान माणसाची एक खूण सांगितली आहे, ती उपासनेतील नव्हे, गोठ्यातील आहे : तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो.

काळजी घेणे म्हणजे नुसती माया नव्हे. त्याला माहिती लागते. कोंबडीला घाम येत नाही. उष्णता फार झाली की ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि लू वाहते. अशा वेळी पत्र्याचे खुराडे म्हणजे तवाच. त्यावर गवत किंवा ओले पोते टाकणे, मातीच्या भांड्यात दिवसातून दोन-तीन वेळा गार पाणी भरणे, ही त्या दिवसांतली प्रार्थनेइतकीच नियमाची कामे आहेत. राणीखेत रोगाने रात्रीत सगळे खुराडे ओस पडते. त्याची लस पिलांना पहिल्या आठवड्यातच डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून देता येते. कुत्रा पाळावा तर त्याला दरवर्षी पिसाळरोगाची लस टोचून घ्यावी. मारका बैल ठाऊक असूनही जो मालक त्याला बांधून ठेवत नाही त्याच्यावर दोष येतो, असे निर्गम २१:२९ सांगते. लस न टोचलेल्या कुत्र्याच्या मालकाने हे वचन जरूर वाचावे.

२. नांगर आणि सुवार्ता

कोणी म्हणेल, हे शेतकी खात्याचे काम. मंडळीच्या मासिकात कशाला? याचे उत्तर ग्वाल्हेरच्याच इतिहासात आहे.

सॅम हिगिनबॉटम हे १८७४ साली मँचेस्टरला जन्मलेले गृहस्थ १९०३ मध्ये प्रेसबिटेरियन मिशनच्या कामासाठी अलाहाबादला, म्हणजे आजच्या प्रयागराजला, आले. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना ते विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या खेड्यांत जात. तेथील दारिद्र्य पाहून त्यांच्या मनाने घेतले की या लोकांना सुवार्ता सांगायची तर त्यांच्या नापीक शेतालाही हात लावला पाहिजे. मग वयाच्या पस्तिशीत ते अमेरिकेस परत जाऊन शेतकी शिकले, आणि यमुनेपलीकडे नैनी येथे त्यांनी शेतकीची संस्था उभारली. तिचा आरंभ १९१० चा धरला जातो. नैनीच्या कुष्ठरोग्यांची सेवाही त्यांनी केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात माधवराव शिंदे महाराजांनी त्यांना ग्वाल्हेर संस्थानच्या शेतकी खात्याचे प्रमुख नेमले. १९२१ साली त्यांनी पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच सुवार्ता आणि नांगर ही जोडी आहे. पुढे १९३९ मध्ये अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मंडळीने त्यांना आपल्या महासभेचे मॉडरेटर निवडले. नांगर धरणारा माणूस व्यासपीठावर उभे राहणाऱ्यापेक्षा कमी, असे त्या मंडळीला वाटले नाही.

एटा जिल्ह्यातही मिशनने गावोगावच्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांसाठी कुक्कुटपालनाचे काम चालवले. ज्यांच्याजवळ शेत नव्हते, बैल नव्हता, त्यांच्याजवळ अंगण तरी होते. अंगणात चार चांगल्या कोंबड्या म्हणजे घरधनिणीच्या हाती चार पैसे. सुवार्ता अशी खुराड्याच्या वाटेनेही घरात येते.

३. कुंपणापलीकडची मेथी

आता आमच्याच चुकीची गोष्ट सांगतो. आमच्या परसाला लागून एका वृद्ध बाईंची बाग आहे. सारी वस्ती त्यांना अम्मा म्हणते. एका वर्षी फेब्रुवारीत आमच्या कोंबड्या कुंपणाच्या फटीतून त्यांच्या वाफ्यात शिरल्या आणि कापणीला आलेली मेथी उकरून टाकली. अम्मा दारात आल्या. आम्ही म्हणालो, "कोंबडीला कुंपण काय कळणार? तुम्हीच काटे लावून घ्यायचे." त्या काही न बोलता परत गेल्या. त्यानंतर जाणे-येणे बंद झाले. त्याच रविवारी आम्ही मुलांना शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा पाठ शिकवला, आणि आमची जीभ अडखळली नाही.

निर्गम २२:५ आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. ज्याचे जनावर दुसऱ्याच्या शेतात चरेल त्याने आपल्या शेतातील उत्तम ते भरून द्यावे, असे तेथे आहे. उरलेसुरले नव्हे, उत्तम. जनावराला कुंपण कळत नाही, म्हणूनच ते मालकाला कळले पाहिजे. नाबोथाची गोष्ट आपण मोठ्या पापाची म्हणून सांगतो, पण तिचा आरंभ कशात आहे पाहा. अहाब राजाला तो द्राक्षमळा हवा होता भाजीचा मळा करण्यासाठी, कारण तो त्याच्या घराला लागून होता (१ राजे २१:२). एवढ्या मोठ्या रक्तपाताची सुरुवात भाजीच्या वाफ्यापासून झाली.

४. पंखांखाली

त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली. कडक उन्हाळ्यात कोंबडी रवणीला बसवू नये, असे जाणती माणसे सांगतात. आम्ही ऐकले नाही. अकरा अंडी तिच्याखाली ठेवली.

रवणीला बसलेली कोंबडी ज्याने पाहिली नाही त्याला मत्तय २३:३७ अर्धेच कळते. एकवीस दिवस ती जागची हलत नाही. दिवसातून एकदा, काही मिनिटांपुरती, दाणापाण्यासाठी उठते आणि लगबगीने परतते. पोटाखालची पिसे गळून तेथली उघडी कातडी थेट अंड्यांना लागते. चोचीने ती अंडी पुन्हा पुन्हा फिरवते. या दिवसांत ती अंडी घालत नाही, नीट खात नाही, वाळत जाते. आमच्या मध्य प्रदेशातील झाबुआची काळी कडकनाथ कोंबडी नावाजलेली आहे. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण अंड्यांवर बसण्यात ती कच्ची, म्हणून तिची अंडी पुष्कळदा साध्या गावठी कोंबडीखाली ठेवतात. नाव आणि किंमत मोठी असून भागत नाही; पंख पसरून बसणारी वेगळीच असते.

मे महिन्यात एका सभेसाठी आम्ही सगळे झाशीला गेलो. दुपारी परत यायचे होते; गाडीला उशीर झाला आणि घरी पोहोचायला दिवेलागण झाली. वाटेत एकच विचार मनात येत होता : पाण्याचे भांडे सकाळीच अर्धे होते, आणि खुराड्यावर पत्रा आहे.

आम्ही धावतच परसात गेलो. पत्र्यावर ओले पोते होते. भांडे भरलेले होते. खुराड्याजवळ अम्मा बसल्या होत्या, हातात पंखा. दुपारी मोती सारखा भुंकू लागला म्हणून त्या कुंपणापाशी आल्या, तेव्हा कोंबडी मान टाकून, चोच वासून बसलेली त्यांना दिसली. तरी ती अंड्यांवरून उठली नव्हती. अम्मांनी तिच्या चोचीला पाणी लावले, पोते भिजवून टाकले, आणि तेव्हापासून त्या तेथेच होत्या. आम्ही काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "बेजुबान जीव है, बेटा. उससे क्या झगड़ा."

आम्ही तेथेच त्यांची क्षमा मागितली. ती फेब्रुवारीतच मागायला हवी होती.

अकरांपैकी पाच अंडी फुटली. पिले जरा मोठी झाल्यावर आम्ही दोन तलंगा अम्मांकडे नेल्या. त्या हसल्या, त्यांच्या घरात अंडे शिजत नाही, हे इतक्या वर्षांच्या शेजारात आम्ही विसरलो होतो! तेव्हा समजले की भरपाई आपल्याला सोपी वाटेल ती देऊन होत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याच्या गरजेप्रमाणे ती व्हावी लागते. आम्ही आमच्या बाजूने काट्यांचे कुंपण नीट केले, आणि हिवाळा लागताच त्यांच्या वाफ्यात मेथी पेरून दिली. पहिली जुडी निघाली तेव्हा हिशेब पुरा झाला.

प्रभूने यरुशलेमेसाठी शोक करताना सिंहाची किंवा गरुडाची नव्हे, कोंबडीची उपमा घेतली. आकाशात घार दिसली की आई हाक देते आणि पिले धावत पंखांखाली शिरतात. जे पिलू येत नाही ते उघड्यावर राहते. यरुशलेमेने यायला नकार दिला, तरी तो पंख मिटून दूर गेला नाही; वधस्तंभावर त्याने हात पसरले. त्या उन्हात न उठलेली ती कोंबडी पाहिल्यापासून हे वचन वाचताना आमचा आवाज तसाच राहत नाही.

शिक्षकांसाठी

लहान मुलांच्या वर्गात शक्य असल्यास एखाद्याच्या घरची कोंबडी व पिले प्रत्यक्ष दाखवावी. पिले हाताळू देऊ नयेत. नसल्यास मुलांना गच्चीवर किंवा खिडकीत पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवण्याचे काम द्यावे आणि पुढच्या रविवारी ते रोज कोणी भरले हे विचारावे. मोठ्या मुलांना पुढील प्रश्न द्यावेत :

१. सत्ता आणि कारभार यांत फरक काय? घरातील एक उदाहरण द्या.
२. निर्गम २२:५ मध्ये "उत्तम ते" द्यावे असे का सांगितले असेल?
३. निर्गम २३:४, ५ वाचा. वैऱ्याच्या जनावराला मदत केल्याने वैऱ्याशी नाते कसे बदलू शकते?
४. तुमच्यामुळे कोणाचे नुकसान झाले आहे काय? या आठवड्यात ते कसे भरून द्याल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मोठ्याने मागू नये. ते ज्याचे त्याने कुंपणापाशी जाऊन द्यायचे आहे. आणि आपण शिक्षकांनी ते मुलांच्या आधी द्यावे.