पिन केलेले चित्र आणि त्याचा धनी

इंटरनेटवर सापडलेल्या, पुन्हा पाहाव्याशा वाटणाऱ्या गोष्टीची खूण ठेवायची आणि ती खूण इतरांनाही दिसू द्यायची, याला सोशल बुकमार्किंग म्हणतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या डिलिशसवर ही खूण म्हणजे पानाचा पत्ता, छोटे टिपण आणि काही टॅग एवढीच असे. चित्र पाहायचे तर मूळ पानावर जावेच लागे. २०१० मध्ये आलेल्या पिंटरेस्टने पत्त्याच्या जागी चित्रच ठेवले; तिथे अशी खूण ठेवणे म्हणजे ‘पिन’ करणे. पिन केलेल्या चित्राची प्रत पिंटरेस्टच्या सर्व्हरवर साठते आणि मूळ पानाची लिंक तिला जोडलेली राहते. छायाचित्रकार आणि इलस्ट्रेटर यांचा नफा-तोटा बहुतांशी या लिंकवर अवलंबून असतो.

लग्नाची फोटोग्राफी करणारे किंवा स्वतःच्या चित्रांचे प्रिंट विकणारे यांना पिंटरेस्टचा फायदा होतो. तिथे येणारी माणसे पुष्कळदा खरेदीच्या किंवा समारंभाच्या तयारीत असतात आणि चांगली पिन कित्येक महिने फिरत राहते. उलट, ज्यांची कमाई चित्र वापरू देण्याच्या परवान्यावर चालते त्यांचे नुकसान होऊ शकते, कारण पाहणाऱ्याची गरज पिंटरेस्टवरच भागते. एखादे चित्र तिसऱ्याच कुणाच्या पानावरून पिन झाले किंवा स्क्रीनशॉट काढून चढवले गेले, की नाव आणि पत्ता दोन्ही सुटतात. पुढे प्रत्येक नवी पिन तीच चूक पुढे नेते.

धोका पिन करणाऱ्यालाही असतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेतील एका छायाचित्रकार-वकील महिलेने पिंटरेस्टच्या अटी नीट वाचल्या. दुसऱ्याचे काम विनापरवाना पिन केल्यास जबाबदारी पिन करणाऱ्याची, आणि त्यातून दावा उभा राहिल्यास कंपनीच्या वकिलीचा खर्चही त्याच्याच माथी, असे त्यांत होते. तिने आपले बोर्ड, म्हणजे पिनांचे संग्रह, काढून टाकले. त्याच महिन्यात पिंटरेस्टने संकेतस्थळांसाठी पिन करणे अडवणारा ‘नोपिन’ टॅग दिला. ज्या छायाचित्रांचे शेअरिंग मालकाने बंद केले होते, त्यांच्यासाठी फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाने तो वापरात आणला. वापरकर्त्यांनी चढवलेला मजकूर विकण्याचा हक्क सांगणारा शब्दही एप्रिल २०१२ पासूनच्या अटींतून वगळण्यात आला.

अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने पिंटरेस्टसारख्या कंपन्यांना वापरकर्त्यांनी केलेल्या उल्लंघनाच्या जबाबदारीपासून अटींवर संरक्षण दिले आहे. तक्रार आल्यावर मजकूर हटवणे ही त्यातली एक प्रमुख अट. छायाचित्रकार हॅरॉल्ड डेव्हिस यांनी आपल्या छायाचित्रांशेजारी जाहिराती दाखवल्याबद्दल पिंटरेस्टवर दावा केला, तेव्हा २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने याच संरक्षणाच्या आधारे कंपनीच्या बाजूने निकाल दिला. थोडक्यात, नजर ठेवणे आणि तक्रार करणे ही कामे मुख्यतः मालकालाच करावी लागतात.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोंदणी न करताही हक्क मिळतो. कलम ५२(१)(सी) आणि २०१३ च्या नियमांतील नियम ७५ यांनुसार लेखी तक्रार करता येते. तक्रारीत तथ्य वाटल्यास मध्यस्थ कंपनीने ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा असतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी तक्रारीतच द्यावी लागते. आदेश आला नाही, तर मजकूर पुन्हा खुला होऊ शकतो. म्हणून दावा लावण्याची तयारी ठेवूनच हा मार्ग धरावा.

खबरदारी चित्र चढवण्याआधीपासून घ्यावी. छपाईला पुरेल एवढ्या आकाराची फाइल कधीच खुली ठेवू नये. सही किंवा वॉटरमार्क चित्राच्या आत घ्यावा, कारण कडेचा भाग सहज कापला जातो. मेटाडेटात नाव भरावे, पण त्यावर विसंबू नये. अनेक साइट तो पुसतात. प्रत्येक चित्राला कायम राहणारे स्वतंत्र पान द्यावे आणि आपली पहिली पिन तिथूनच करावी. विक्रीसाठी दाखवायची चित्रे पिन होऊ द्यावीत, परवान्यावर द्यायच्या चित्रांच्या पानांना नोपिन लावावा. हा टॅग त्या पानावरून होणारी पिन तेवढी अडवतो, स्क्रीनशॉट अडवत नाही. म्हणून टिनआय किंवा गूगलवर चित्रावरून शोध अधूनमधून घ्यावा. नाव नसलेली पिन दिसल्यास आधी श्रेय आणि योग्य लिंक मागावी. चित्र व्यापारासाठी वापरलेले आढळल्यास स्क्रीनशॉट, तारीख आणि मूळ फाइल जपून ठेवावी व मगच तक्रार करावी.