गाडी पाणी पिते, पण ते जातं कुठे?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाचं काम मी संपादक मंडळावर सोपवलंय. दुसरी कबुली जरा मोठी आहे. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असूनही घरच्याच गाडीचं निदान मी साफ चुकवलं.

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला घरी गेले होते. पप्पांची शाळेच्या मुलांची व्हॅन आहे. पेट्रोल इंजिन आणि त्यावर एलपीजी किट. आमचं घर त्या व्हॅनवरच चालतं. पप्पा म्हणाले, "अगं, ही दर दोन-तीन दिवसांनी लिटरभर कूलंट पिते. बघ जरा." मी वाकून बघितलं. खाली थेंब नाही, होजपाईप कोरडे, वॉटरपंपाखाली डाग नाही. झालं! मी ऐटीत सांगितलं, "रेडिएटरचं झाकण गेलंय, प्रेशर धरत नाही." नवं झाकण बसवलं आणि हॉस्टेलवर परत आले.

दहा दिवसांनी फोन आला. यवतेश्वरच्या चढावर टेंपरेचरचा काटा लाल रेषेवर गेला, गाडी बंद करावी लागली आणि सात मुलं दप्तरं घेऊन पाऊण तास रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पप्पा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

गॅरेजवाल्या काकांनी पूर्ण इंजिन ओव्हरहॉल करायचा अंदाज दिला. शेजारच्यांनी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली. (हळदीने बारीक छिद्र काही दिवस बुजेलही, पण ती रेडिएटरच्या बारीक नळ्यासुद्धा बुजवते.) मी पप्पांना म्हटलं, दोन दिवस काही उघडू नका. तोपर्यंत मुलांसाठी दुसऱ्याची गाडी रोजच्या भाड्याने लावावी लागली, त्यामुळे ते दोन दिवसही फुकटचे नव्हते. वर्कशॉपच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टरवर सही घेऊन कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर, ब्लॉक टेस्टर आणि कॉम्प्रेशन गेज दिलं, वर एक वाक्य ऐकवलं, "आधी विचार कर, मग पाना घे."

तर विचार असा. इंजिनात तीन शेजारी राहतात: कूलंट, ऑईल आणि जळणारा वायू. मध्ये फक्त धातूची भिंत आणि हेड गॅस्केट. कूलंटचं प्रेशर झाकणावर लिहिलेलं असतं, आमच्याकडे 0.9 बार. चालू इंजिनात ऑईलचं साधारण 3 ते 4 बार. आणि सिलिंडरमध्ये जळताना, पूर्ण लोडवर, 50 बारच्या आसपास. भिंतीला भोक पडलं की जास्त प्रेशरवाला कमी प्रेशरवाल्याच्या घरात घुसतो. म्हणजे गाडी चालू असताना वायू पाण्यात शिरतो आणि कूलंटला वरच्या बाटलीतून बाहेर ढकलतो. गाडी बंद केली की चित्र उलटतं. सिलिंडर थंड बसतो, पण गरम कूलंट अजून प्रेशरखाली असतं, ते हळूच सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन थोडा वेळ तीनच सिलिंडरवर धडधडतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तो यामुळे. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे त्या धुराला गोडसर वास असतो. आई दिवाळीतच म्हणाली होती, "सकाळी गाडी चालू केली की पाक केल्यासारखा वास येतो गं." मी हसण्यावारी नेलं होतं!

आता फसवणाऱ्या खुणा. ऑईल भरायच्या झाकणाखाली मलईसारखा पांढरा थर दिसला की सगळे म्हणतात, ऑईलमध्ये पाणी गेलं. आमच्या गाडीत तो होता. पण शाळेची व्हॅन दोन-दोन किलोमीटर चालते आणि थांबते. इंजिन नीट तापतच नाही, हवेतली वाफ झाकणाखाली गोठते, आणि तसाच थर जमतो. खरी परीक्षा खाली असते. गाडी रात्रभर उभी ठेवली, सकाळी ऑईलचा ड्रेन बोल्ट अगदी थोडा सैल केला. कूलंट ऑईलपेक्षा जड असतं, त्यामुळे असलंच तर ते आधी बाहेर येतं. आमच्याकडे काळं ऑईलच आलं. बेअरिंगच्या दृष्टीने ही मोठीच चांगली बातमी होती. थंडीत सकाळी थोडा वेळ निघणारा पांढरा धूरही निरोगी गाडीतून येतो. तापल्यावर तो थांबला पाहिजे.

मग थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर लावला. (गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, चेहरा भाजतो. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते चवीला गोड पण विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.) हातपंपाने 0.9 बारपर्यंत नेलं आणि घड्याळ लावून बसले. अर्ध्या तासात काटा 0.6 वर आला. खाली अजूनही थेंब नाही, गाडीतली मॅटिंग कोरडी, म्हणजे हीटरही ठीक. प्रेशर तसंच ठेवून चारही प्लग काढले. तीन प्लग तपकिरी होते आणि तीन नंबरचा धुतल्यासारखा स्वच्छ. वाफेने खरोखरच धुतला होता तो. इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, बाजूला उभं राहून पप्पांना स्टार्टर मारायला सांगितला. तीन नंबरच्या भोकातून फवारा उडाला.

इथे काकांनी एक चांगला प्रश्न विचारला, आणि तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता. एलपीजी किटचा रिड्यूसर कूलंटच्या उष्णतेवर चालतो. तो आतून फुटला तर गॅस पाण्यात शिरून तसेच बुडबुडे येतात आणि कूलंट गॅसच्या लाईनमधून इंजिनातही जाऊ शकतं! मग दोष हेडचा कशावरून? म्हणून गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला, प्लग आणि कनेक्टर परत जोडून गाडी पेट्रोलवर चालवली आणि रेडिएटरच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर धरला. त्यातल्या निळ्या द्रवातून रेडिएटरमधली हवा ओढायची. कार्बन डायऑक्साईड असेल तर तो द्रव आम्लधर्मी होऊन पिवळा पडतो. न जळलेल्या एलपीजीने रंग बदलत नाही. फक्त कूलंट आत ओढलं जाऊ नये म्हणून पातळी थोडी कमी करून घ्यायची. दीड-दोन मिनिटांत निळ्याचा पिवळा झाला. म्हणजे जळलेला वायूच पाण्यात येत होता, किट निर्दोष सुटलं.

कॉम्प्रेशन 1, 2, 4 नंबरला 160 ते 165 पीएसआय आलं, तीनला 130. पण एक सांगते, कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून गॅस्केट चांगलं असं होत नाही. बारीक गळती त्या गेजला दिसतच नाही. शेवटी तीन नंबरचा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना वर आणून, गाडी गिअरमध्ये घालून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुड आवाज आला. काका म्हणाले, "आता उघडूया. फक्त हेड."

गॅस्केट तीन नंबरच्या कडेला, पाण्याच्या भोकापर्यंत जळलेलं होतं. हेडवर स्ट्रेट एज ठेवून फीलर गेज घातलं तर मध्ये 0.12 मिलिमीटर फट. अशा हेडला सहसा 0.05 च्या आसपासच चालते. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं. जास्त तापलं की हेड वाकतं. ते त्या चढावर वाकलं की आधीपासूनच वाकलेलं होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण दिवाळीत टेस्टर लावला असता तर तो चढ आलाच नसता, एवढं मला कळतं.

मशिन शॉपमध्ये हेडला क्रॅक नाही हे हवेच्या प्रेशरवर तपासून घेतलं, मग फेसिंग केलं. नवं गॅस्केट, नवे हेड बोल्ट, मधून बाहेर या क्रमाने टप्प्याटप्प्याने टॉर्क. कूलंट भरताना हीटर चालू ठेवून हवा काढली. खर्च काकांच्या पहिल्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी आला. तोसुद्धा पप्पांनी दोन हप्त्यांत दिला.

रविवारी रात्री पुन्हा 0.9 बार भरलं आणि जेवायला बसलो. आईने श्रीखंड केलं होतं. तासाने जाऊन बघितलं, काटा 0.9 वरच होता. सोमवारी पहाटेच्या एसटीने टेस्टर मांडीवर घेऊन आले आणि पहिल्या लेक्चरच्या आधी वर्कशॉपच्या रजिस्टरवर सही केली.